कबंध म्हणजे जाडा माणूस

भिंगरीची आई लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, आणि तिथे पहिल्याच दिवशी तिला काही शब्द जिभेवरून पुसून टाकायला सांगितले होते. सुई म्हणायचं नाही, डास म्हणायचं. "छोटासा डास चावेल हं." दात काढायचा नसतो, दाताला सुट्टी द्यायची असते. कीड कोरणारं यंत्र म्हणजे मधमाशी, थुंकी ओढून घेणारी नळी म्हणजे हत्तीची सोंड. रक्त तर या दवाखान्यात कधी येतच नाही. आलंच तर ते लाल पाणी.

"खुर्चीत बसलेल्या पोराला एकदा खरं कळलं ना, की मग आपण कितीही डोकं आपटा, ते तोंड उघडत नाही," असं मॅडम म्हणायच्या. मॅडम म्हणजे तिथल्या डॉक्टर. हात हलका, आवाज गोड आणि नियम कडक.

आईला हे काम फार लवकर जमलं. इतकं, की ते तिच्या अंगवळणीच पडलं. एकदा घरी काकडी चिरताना नवऱ्याचं बोट कापलं, तर ही ओरडली, "अहो, लाल पाणी!"

"रक्त आहे गं ते," नवरा नळाखाली बोट धरून म्हणाला. "आणि माझंच आहे."

त्या दिवशी दोघंही पोट धरून हसले होते. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं सगळं.

भिंगरी नऊ वर्षांची. एका जागी बूड टेकत नसे म्हणून तिचं हे नाव पडलेलं. त्यामुळे एका संध्याकाळी ती इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगामागे चिडीचूप बसलेली दिसली, तेव्हा आईने आधी जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मांडीवर पुस्तक होतं. चांगलं उशीएवढं जाड. मुखपृष्ठावर खाली अंधारात उतरत जाणारा जिना, आणि शेवटच्या पायरीवर नुसता एक हात.

भिंगरीच्या आत्याला भयकथांचं वेड. मागच्या खेपेला आली तेव्हा तिचं हे पुस्तक इथे राहिलं होतं.

"आण ते इकडे."

"का? आत्याने दिलंय मला."

"दिलंय की विसरून गेलीय?"

"विसरून दिलंय."

आईला ते पुस्तक नको होतं, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा कार्टूनमध्ये एका माणसाची सावली त्याला सोडून निघून जाते असं दाखवलं होतं. त्यानंतर किती तरी महिने भिंगरी न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ करायची आणि आईला बाहेर उभं राहून गाणं म्हणावं लागायचं. गाणं थांबलं की आतून किंकाळी. आईचा घसा बसला, पण भीती काही बसली नाही. तेव्हापासून आईने कानाला खडा लावला होता.

पण नवरा म्हणाला, "अगं, एवढं जाडजूड पुस्तक वाचतेय पोरगी! लोक मुलांच्या हातात पुस्तक यावं म्हणून काय काय करतात. वाचू दे. तू बस हवं तर पहाऱ्याला."

शेवटी तह झाला. पुस्तक वाचायचं ते स्वयंपाकघरात, आईसमोर, उजेडात. आणि अडलेला शब्द आईला विचारायचा, अंदाजाने पुढे जायचं नाही. ही शेवटची अट आईचीच. भाषा विषय घेऊन एम.ए. झालेली बाई. सासरचे थट्टेने तिला शब्दकोश म्हणत.

भिंगरीने लगेच आपली पद्धत बसवली. दवाखान्यातून आईने आणलेला, दातांच्या फटी साफ करायचा हिरवा दोरा घरात असायचा. त्याचे तुकडे कापून ती अडलेल्या शब्दापाशी पानात घालायची. साऱ्या पुस्तकाला पुदिन्याचा वास येऊ लागला.

पहिला दोरा कबंधापाशी पडला.

"आई, कबंध म्हणजे?"

आई मटार सोलत होती. अर्थ तिला ठाऊक होता. तिने मान वर केली. भिंगरीचे डोळे टपोरे, पापणी न हलवता वाट बघणारे. खुर्चीतलं पोर मॅडमच्या हातातल्या ट्रेकडे बघतं, अगदी तसेच. आणि आईच्या तोंडून आपोआप तो दवाखान्यातला आवाज निघाला, गोड आणि गुळगुळीत.

"कबंध म्हणजे ना, जाडा माणूस. खूप जाडा."

"मान दिसत नाही एवढा?" भिंगरीने पानावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, त्याला मान नव्हती."

"हो," आई म्हणाली. "एवढा जाडा."

एक शेंग सोलून होईपर्यंत तिला कसंसंच वाटलं. मग भिंगरी खुदकन हसली आणि आईचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर रस्ता उताराचाच होता. रुधिर म्हणजे सरबत, लाल रंगाचं. कलेवर म्हणजे गाठोडं. एका दुपारी मुमूर्षू आला. या शब्दाला मात्र आईलाही खात्री नव्हती. फ्रिजचं दार उघडून त्याच्या आडोशाला तिने मोबाइलवर अर्थ पाहिला. मरणाच्या दारात असलेला. तिने मोबाइल मिटला, फ्रिज मिटला, दह्याचं भांडं उगाचच बाहेर काढलं आणि म्हणाली, "पेंगुळलेला. खूप झोप आलीय असा."

"मुमूर्षू," भिंगरीने म्हणून पाहिलं. "मस्तय. ओठ पण पेंगतात म्हणताना."

शब्द माहीत नसता तर अंदाजाने ठोकून दिलं, एवढं तरी म्हणता आलं असतं. आईने आधी खरा अर्थ शोधला होता, आणि मग तो लपवला होता. हे तिच्या मनात आलं. तिने ते दह्यासारखं झाकून ठेवलं.

भिंगरीला शांत झोप लागत होती. न्हाणीघराचं दार बंद होत होतं. पुस्तक वाचून ती चक्क हसत होती. आईने दवाखान्यात मॅडमना सांगितलं, तर मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली. "बघा! आपली युक्ती कुठेही चालते."

एकदाच काय ते टोचलं. भिंगरी जिन्यात मैत्रिणीला सांगत होती, "मला काही अडत नाही. माझ्या आईला सगळे शब्द येतात." दारामागे उभ्या आईला ते ऐकून अभिमान वाटायला हवा होता. ती पायपुसणं सरळ करत बसली.

मग एका रविवारी आत्या आली. बरोबर तिची कॉलेजातली दोन पोरं, एकाहून एक टवाळ. जेवणं चालली होती. आई गरम गरम वाढत होती. आत्याचं लक्ष फ्रिजवर ठेवलेल्या पुस्तकाकडे गेलं.

"अय्या, हे इथे होय! मी घर उलटंपालटं केलं. आणि हे दोरे कसले गं याला, मिशा फुटल्यासारखे?"

"मी वाचतेय ते," भिंगरी म्हणाली.

"तू? आणि घाबरली नाहीस? अगं, मी वाचताना दिवे लावून बसत होते!"

"घाबरायचं काय त्यात? विनोदी तर आहे."

"विनोदी?" आत्याचा घास हातातच राहिला. "सांग बघू काय आहे ते."

आईच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. कुणाचं लक्ष नव्हतं. आणि भिंगरी खुर्चीवर गुडघे दुमडून, सगळ्यांकडे आळीपाळीने बघत, रंगात येऊन सांगू लागली.

"घड्याळांचा एक कारखाना असतो, बंद पडलेला. त्याच्या तळघरात एक जाडा माणूस राहतो. इतका जाडा, इतका जाडा की त्याला मानच नाही. आणि वेंधळा तर असा! सारखं खांद्यांवरून सरबत ओघळत असतं त्याच्या. सगळा शर्ट लाल. रोज संध्याकाळी तो वर येतो आणि गाठोडी उचलून खाली नेतो. हमाल असणार. आणि वर एक पेंगुळलेला पहारेकरी असतो. सगळे त्याच्याभोवती बसून रडतात, कारण तो कामावर झोपतो ना, तर त्याची नोकरी जाणार."

मग आत्याचा मोठा मुलगा असा हसला की त्याला ठसका लागला. धाकट्याने टेबलावर डोकं ठेवलं. आत्या पदराने डोळे पुसत होती. नवऱ्यानेही पुस्तक वाचलं नव्हतं, पण हसू लागण असल्यासारखं त्यालाही लागलं.

"सरबत! अरे, त्याला सरबत म्हणते ही!"

"हमाल! आई, तो हमाल आहे!" धाकटा आत्याला हलवत म्हणाला.

"ए सरबतवाली, एक ग्लास आम्हाला पण आण. लालच हवं हां!"

भिंगरीही आधी हसली. आपण सांगितलेला विनोद जमला असं तिला वाटलं. मग हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. ते आपल्याबरोबर हसत नाहीयेत, हे तिला कळलं तो क्षण आईने डोळ्यांनी पाहिला.

"अगं पण राणी," आत्या श्वास घेत म्हणाली, "हे असले अर्थ तुला सांगितले कुणी?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. तक्रार म्हणून नाही. पत्ते खेळताना पुढच्याची पाळी आली की आपण त्याच्याकडे बघतो, तसं.

आईच्या हातात डाव होता. सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले, हसून लाल झालेले. शब्दकोश म्हणणारी माणसं. एम.ए. झालेली सून. तिच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. आणि ती म्हणाली, "काय माहीत बाई, कुठून काय काढते! मुलंच ती. मनानेच लावतात अर्थ."

आणि ती हसली. सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढंच.

भिंगरी ताटाकडे बघत म्हणाली, "हो. मीच लावले."

"मग खरे अर्थ सांगू का तुला?" धाकट्याने डोळे वटारले.

"गप रे," आत्या म्हणाली. "पोरगी रात्री ओरडत उठेल आणि हिची आई मला शिव्या घालेल. तू आपलं आईलाच विचार हो. भाषेची एम.ए. आहे ती. पुस्तक राहू दे तुझ्याकडेच."

आई पुढची पोळी आणायला ओट्याकडे वळली. तव्यावर काही नव्हतं. ती तव्याकडे बघत उभी राहिली. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते उगाच नाही. नऊ वर्षांच्या पोरीने तिला पाठीशी घातलं होतं.

पाहुणे गेल्यावर बोलू, असं तिने ठरवलं. पाहुणे गेले. झोपताना बोलू म्हणाली. भिंगरी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती. सकाळी शाळेची घाई. असं करत दिवस गेले आणि तोंड उघडणं दिवसेंदिवस जड होत गेलं.

"भिंगरी, ते शब्द..." एकदा तिने सुरुवात केली.

"कुठले?"

"पुस्तकातले."

"मी नाही वाचत आता ते."

फ्रिजवरचं पुस्तक दिसेनासं झालं होतं. रागावणं नाही, फुरंगटणं नाही. हाक मारली की ओ द्यायची, दप्तर जागेवर ठेवायची. फक्त एक नवी गोष्ट सुरू झाली, आणि सगळं टिपत बसणाऱ्या आईने ती पहिल्याच दिवशी टिपली. "पाणी कोमट आहे, घे आंघोळीला," असं आई म्हणाली की भिंगरी आधी बोटाचं टोक बुडवून बघायची. "भाजी तिखट नाही," म्हटलं की जिभेचा शेंडा लावायची. "आलेच पाच मिनिटांत," म्हणून आई गच्चीवर कपडे काढायला गेली आणि परतली, तर पोरगी भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी.

"आठ मिनिटं झाली," ती म्हणाली. एवढंच.

आईला वाटलं, हिने मला चारचौघांत फटकन बोलावं, ओरडावं, काहीही करावं. पण हे असं बोट बुडवून बघू नये.

आणि मग भिंगरीची दाढ दुखायला लागली. दुधाची दाढ, आतून किडलेली. दोन दिवसांत गाल सुजला. न्यायचं कुठे हा प्रश्नच नव्हता.

मॅडम हातमोजे चढवत, गाणं म्हटल्यासारखं म्हणाल्या, "कोण आलंय आज? आपल्याच घरचं माणूस! चला, एका दाताला आज सुट्टी!"

भिंगरी खुर्चीत आडवी होती. दिव्याखाली तिचा सुजलेला गाल चकाकत होता. ओठ घट्ट मिटलेले.

"काही नाही, छोटासा डास चावेल, आणि..."

"इथे डास नाहीत," भिंगरी ओठांच्या फटीतून म्हणाली. "खिडक्या बंद आहेत. एसी चालू आहे." आणि फट मिटली.

मॅडमनी पाच-सहा युक्त्या केल्या. हत्ती आला, मधमाशी आली, खुर्चीचं विमान झालं. ओठ हलले नाहीत. बाहेर मुलं खोळंबली होती, एक रडायलाही लागलं होतं.

"ऐक, आत पू झालाय, तो पसरला तर तुलाच त्रास," मॅडमचा आवाज थोडा कमी गोड झाला. "माझं नको ऐकूस. आईला विचार. तुझी आई तर रोज इथे असते. सांगा हो हिला."

आई वाकली. "भिंगरी, बाळा, डास..."

भिंगरीने हात उचलला आणि आपल्याच तोंडावर ठेवला. वरून डोळे तेवढे दिसत होते. आता ते कुणाची पाळी म्हणून बघत नव्हते. पाण्यात बोट बुडवावं तसे बघत होते.

आईला एकदम उमगलं की आत्ता जे काही ती बोलेल ते तपासलं जाणार आहे. काही मिनिटांच्या आत, या पोरीच्या हिरडीत. आणि त्यानंतर पुन्हा कधी विचारलंही जाणार नाही.

"सुई आहे," ती म्हणाली.

"अहो!" मॅडम दबक्या आवाजात ओरडल्या.

"सुई आहे. हिरडीत टोचतात. दुखतं. चिमटा काढल्यासारखं नाही, त्याहून जास्त. टोचेपर्यंत आणि औषध आत जाईपर्यंत दुखतं. मग गाल जड होतो, आपला नसल्यासारखा. मग पकडीने दाढ हलवून उपटतात. तेव्हा दुखत नाही, पण ओढल्यासारखं वाटतं. करकर असा आवाज येतो, डोक्याच्या आतून. तो वाईट असतो."

हातामागून आवाज आला, "आणि लाल पाणी?"

"रक्त. रक्त येतं."

"किती?"

"कापसाचा बोळा भरेल एवढं. थुंकीत मिसळतं, म्हणून जास्त वाटतं."

मॅडम हातात सुई घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती आतापर्यंत पाठीमागे धरली होती. लपवून उपयोग नाही हे कळून त्यांनी हात समोर घेतला.

भिंगरीने सुईकडे पाहिलं. नीट, टोकापासून मुठीपर्यंत. मग आईकडे.

"तू हसलीस," ती म्हणाली.

आईला कुठलं हसणं हे विचारावं लागलं नाही. "हो."

"सगळ्यांबरोबर."

"हो. अर्थ मी सांगितले होते, आणि तुझ्यावर ढकलले. मला लाज वाटली म्हणून."

भिंगरीने थोडा विचार केला. "आणि मला?"

मॅडम ट्रेमधली पकड सरळ करत होत्या, जणू त्यांना ऐकू येत नाही.

भिंगरीने हात खाली घेतला आणि तोंड उघडलं. माफ केलं म्हणून नव्हे. दाढ दुखत होती म्हणून.

सुई गेली तेव्हा तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानांकडे ओघळलं आणि तिने आईची दोन बोटं अशी दाबली की अंगठी रुतली. पण तोंड उघडं राहिलं. दाढ निघताना ती एकदा "अं" म्हणाली. बास. जेवढं सांगितलं होतं तेवढंच झालं होतं.

दाराशी मॅडमनी आईला गाठलं. "माझी सगळी पद्धत मोडलीत तुम्ही आज. आणि दार अर्धं उघडं. बाहेर पोरांनी ऐकलं असेल."

"हो, मॅडम."

"पुन्हा असं चालणार नाही."

"हो," आई म्हणाली. तिला खरंच ओशाळल्यासारखं झालं होतं. पण ही लाज निराळी होती. ही घेऊन सरळ उभं राहता येत होतं.

कापसाचा बोळा चावून अर्धा तास बाहेर बसायचं असतं. बाकावर आया बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या पायाशी. भिंगरी आईपासून हातभर अंतर ठेवून बसली. मग तिने दप्तर ओढलं आणि त्यातून पुस्तक काढलं. हिरवे दोरे लोंबत होते, आईने पाहिले होते त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे ती वाचतच होती. एकटी.

तिने पहिल्या दोऱ्याचं पान उघडलं आणि शब्दावर बोट ठेवलं. तोंडात कापूस होता, म्हणून काही बोलली नाही. नुसती बघत राहिली.

आईने आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या बाईच्या मांडीवर एक चिमुरडी प्लॅस्टिकच्या जिराफाची मान चावत होती. आईने आवाज खाली आणून अर्थ सांगितला. भिंगरीने मान हलवली. ऐकू येत नाहीये.

"मुंडकं उडवलेलं धड," आई म्हणाली. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. शेजारच्या बाईने मुलीच्या कानांवर हात ठेवले आणि भिंगरीच्या आईकडे डोळे वटारून पाहिलं.

भिंगरीचे डोळे मोठे झाले. ती पानाकडे बघत बसली. ओळ पुन्हा वाचली असावी, कारण बोट हळूहळू सरकत गेलं. मग ती बाकावरून थोडी आईकडे सरकली. अगदी थोडी.

"मग," कापसातून घोगरा आवाज आला, "खांद्यांवर सरबत कुठून आलं?"

"सरबत नव्हतं ते," आई म्हणाली, आणि दोरा उचलून पुढच्या शब्दापाशी ठेवला.